ताश्कंद की तैहोकू?

ताश्कंदला गेलेल्या शास्त्रीजींवरचा चित्रपट सरस, की तैहोकूच्या (आजचं तैपेई) विमान अपघातात गेले असं सांगतात त्या नेताजींवरची मालिका? इंदूरला रामबागेत आत्याकडे दोन रात्री हाच वाद रंगला. 'द ताश्कंद फाइल्स' (2019) बराचसा एका खोलीतच घडतो: समिती बसते आणि शास्त्रीजींच्या मृत्यूवर भांडते. 10 जानेवारी 1966 ला ताश्कंदमध्ये पाकिस्तानशी करार, 11 ला पहाटे मृत्यू, भारतात शवविच्छेदनही नाही. हा सल आत्याला अजून बोचतो. पल्लवी जोशींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, अगदी योग्य! पण आरडाओरडा फार, आणि तर्क पुराव्याच्या पुढे धावतात.

'बोस: डेड/अलाइव्ह' (2017) ही नेताजींवरची मालिका. राजकुमार रावमुळे त्यांच्या मृत्यूच्या गूढापेक्षा त्यांचा जिवंतपणाच जास्त भिडतो. मला तीच भावली. आत्या मात्र शास्त्रीजींसाठी चित्रपट पुन्हा लावते.