‘मॅड आर्काइव्हज’, खंड ३: एका कळसूत्री बाहुल्यासाठी घ्यावा असा

मी शाळेत चित्रकला शिकवते. आठवीची मुलं हस्तलिखितासाठी टीव्ही मालिकांची विडंबनं काढतात आणि दरवर्षी तेच होतं: नाव बदलायचं, नाक मोठं काढायचं, झालं. त्यांना दाखवायला म्हणून हा खंड मागवला. यात ‘मॅड’ या अमेरिकी विनोदी नियतकालिकाचे १३ ते १८ अंक आहेत, म्हणजे ते दहा सेंटचं रंगीत कॉमिक होतं तेव्हाचे.

पैसे वसूल झाले ते डिसेंबर १९५४च्या अंकातल्या ‘हाउडी डूइट’ या विडंबनावर. लेखन हार्वी कर्ट्झमनचं, चित्रं विल एल्डरची. मूळ ‘हाउडी डूडी’ हा एनबीसी या अमेरिकी टीव्ही वाहिनीवरचा मुलांचा कार्यक्रम: तोंडावर ४८ ठिपके असलेला कळसूत्री बाहुला (तेव्हा अमेरिकेत राज्यं ४८च होती), त्याचा सूत्रधार आणि समोर बसवलेली पोरं. मी तो कधीच पाहिलेला नाही, तरी कुठे अडलं नाही. कारण रोख बाहुल्यावर नाही, पोरांना समोर बसवून माल खपवण्यावर आहे. मध्येच ‘बपगू’ची जाहिरात येते. ते दुधात घातलं की दूध हुबेहूब बिअरसारखं दिसतं! दुधात घालायच्या पावडरींच्या जाहिराती बघत आपण वाढलो, आपल्याला वेगळं काय समजवायचं?

मग सूत्रधार एका पोराला विचारतो, मोठेपणी कोण होणार, पोलीसप्रमुख की वैमानिक? पोरगा म्हणतो, पोरकटपणा नको. गुंतवणूक दलाली बरी, जाहिरात आणि करमणुकीतही वर पोचलं तर पैसा आहे, तेव्हा मला हाउडी डूइटच व्हायचंय. सूत्रधार सांगतो, अरे, तो लाकडाचा बाहुला, पैशाला हपापलेला तो नाही, मी आहे! वर्गात हे वाचून दाखवलं, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, म्हणजे यांनी नाक मोठं काढलंच नाही!” तिला बरोबर कळलं.

एल्डरच्या चौकटी खच्चून भरलेल्या असतात, कोपऱ्यातल्या बारीक पाट्याही वाचायच्या. भिंग हवंच.

खंडात सगळं टीव्हीचं नाही. वर्तमानपत्री चित्रपट्ट्यांची विडंबनंही आहेत, ती मूळ माहीत नसेल तर फिकी पडतात. ‘ड्रॅगनेट’ मालिकेचं विडंबन हवं असेल तर पहिला खंड घ्या, ते तिसऱ्या अंकात आहे. ‘मॅड’च्याच मॉर्ट ड्रकरने काढलेला, ‘पेरी मेसन’ या टीव्ही मालिकेच्या विडंबनातला वकील ‘पेरी मेसनमिंट’ १९५९चा, तो या खंडांत नाही.

माझी प्रत वर्गाच्या कपाटात आहे, भिंगासकट.