नव्या सीलबंद टेपच्या नावाखाली वापरलेला माल: माझा अनुभव

डेटा साठवायला एलटीओ टेप (कॅसेटसारख्या डबीतली चुंबकीय टेप) आणि सेकंडहँड टेप ड्राइव्ह (ती टेप लिहिणारं-वाचणारं यंत्र) घ्यायचा विचार कुणी करत असेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. लातूर, नांदेड, परभणीकडे हा माल दुकानात बघून घ्यायची सोय नाही. फोनवर भाव ठरवायचा, पैसे पाठवायचे आणि ट्रॅव्हल्सने येणाऱ्या पार्सलची वाट बघायची. समोरच्याला हे पक्कं माहीत असतं आणि त्याचा सगळा धंदा त्यावरच चालतो.

आमचा लातुरात फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे, वडिलांनी सुरू केलेला. लग्नं, हरिनाम सप्ताह, शाळांची स्नेहसंमेलनं हे रोजचं काम. पण कपाटात त्याहून मोलाचं बरंच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, त्यानंतर वडील व्हीएचएस कॅमेरा घेऊन किल्लारी, सास्तूर भागात फिरले होते. पडलेली घरं, पत्र्याच्या शेडमधले संसार, कुणाचं कोण गेलं ते सांगणारी माणसं, सगळं त्या कॅसेटवर आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ते चित्रण माझं. शिवाय गावोगावच्या आज्यांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. त्यातल्या बऱ्याच आज्या आता हयात नाहीत. कॅसेटना बुरशी धरायला लागली तेव्हा सगळं डिजिटल करून हार्ड डिस्कवर घेतलं, आणि मग डिस्क बंद पडायला लागल्या.

म्हणून टेप. टेप हे काही जुनाट, टाकून दिलेलं तंत्र नाही. २०११ च्या फेब्रुवारीत जीमेलच्या काही खात्यांमधले मेल उडाले, तेव्हा गुगलने ते टेपवरूनच परत आणले होते. कार्ट्रिज, म्हणजे टेपची डबी, कपाटात पडून असते, तिला वीज लागत नाही, आणि ती कुठल्याच कॉम्प्युटरला जोडलेली नसल्यामुळे व्हायरसवाला तिथवर पोचत नाही. नीट ठेवली तर तीस वर्षं टिकते असं कंपन्या सांगतात. अडचण ड्राइव्हची. नव्या पिढीचा नवा ड्राइव्ह काही लाखांत जातो, आणि आमच्यासारख्याला ते झेपत नाही. म्हणून २०१० साली आलेली एलटीओ-५ ही पिढी निवडली. एका टेपवर दीड टीबी बसतं, ड्राइव्ह सेकंडहँड मिळतात आणि आमच्या कामाला तेवढं पुरतं.

जुना सर्व्हरचा माल विकणारा एक व्यापारी ओळखीतून मिळाला. गाव आणि नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. माणूस बोलायला अतिशय गोड. ड्राइव्ह ‘रिफर्बिश्ड, जेमतेम वापरलेला’, आणि वीस टेप ‘कोऱ्या, सीलबंद, कंपनीच्या शिल्लक स्टॉकमधल्या’. वीस टेप म्हणजे साठ टीबी, असा हिशोब त्याने आधी सांगितला. बॉक्सवर तीन टीबी छापलेलं असतं ते कॉम्प्रेशन, म्हणजे डेटा दाबून लहान करणं, धरून, खरी जागा दीडच टीबी, आणि व्हिडिओ तर आधीच कॉम्प्रेस केलेला असतो. हे मी त्याला तिथंच म्हटलं. तो म्हणाला, ‘सर तुम्हाला सगळं माहितीये, तुम्हाला काय सांगायचं.’ आणि लगेच भाव थोडा कमी केला. पैसे मात्र सगळे आगाऊच घेतले.

पार्सल आलं. प्रत्येक टेपला पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळलेलं, वर एल-५ लिहिलेलं बारकोड लेबल. पहिल्या दोन टेप व्यवस्थित चालल्या. तिसरी एलटीएफएसमध्ये फॉरमॅटच होईना. एलटीएफएस म्हणजे टेप पेनड्राइव्हसारखी उघडून फायली बघता येतात ती पद्धत. तिसऱ्यासारख्याच आणखी काही निघाल्या. फोन केला तर उत्तर आलं, ‘तुमच्या सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे सर, विंडोज परत टाकून बघा.’

वाळूजच्या एका कंपनीत माझा मावसभाऊ सर्व्हर सांभाळतो. त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘दादा, विंडोजला हात लावू नको. आधी टेपची चिप वाच.’ हीच गोष्ट सगळ्यांना माहीत व्हावी म्हणून हे सगळं लिहितो आहे. एलटीओच्या प्रत्येक कार्ट्रिजच्या आत एका कोपऱ्यात छोटी चिप असते आणि ड्राइव्ह ती स्पर्श न करता वाचतो. टेप कुठल्या पिढीची, कधी बनवलेली, ड्राइव्हमध्ये किती वेळा घातलेली, जन्मापासून तिच्यावर एकूण किती डेटा लिहिला गेला, शेवटच्या चार वेळी ती कुठल्या सिरियल नंबरच्या ड्राइव्हमध्ये होती, हे सगळं त्या चिपवर नोंदलेलं असतं. लिनक्सवर एसजी-३ युटिल्स नावाचं पॅकेज फुकट मिळतं, त्यातली एक कमांड ही सगळी यादी समोर मांडते. टेपला प्लॅस्टिक गुंडाळायला मिनिटही लागत नाही, पण ही यादी कुणी सहसा पुसत बसत नाही.

आमच्या ‘कोऱ्या’ टेपची यादी वाचली. फॉरमॅट न होणाऱ्या सगळ्या एलटीओ-४ निघाल्या. म्हणजे आठशे जीबीच्या, आधीच्या पिढीच्या. एलटीओ-५ चा ड्राइव्ह एक पिढी मागच्या टेपवर लिहू शकतो, त्यामुळे साध्या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये त्या निमूट चालल्या असत्या आणि निम्म्यावरच भरल्या की तेव्हा कुठं कळलं असतं. एलटीएफएसला टेपचे दोन भाग पाडावे लागतात, ती सोय एलटीओ-५ पासून आहे, म्हणून तिथं चोरी पकडली गेली. कार्ट्रिजचा रंग बघून पिढी ओळखता येत नाही, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. एल-५ चं लेबल कुठल्याही प्रिंटरवर छापता येतं. मी एक लेबल नखाने अलगद सोडवलं. लेबलाच्या त्या खोलगट चौकटीत खाली जुन्या गोंदाचा काळपट थर होता, त्यात आधीच्या लेबलाचे पांढरे तुकडे अडकलेले, आणि एका कोपऱ्यात एल-४ मधला चारचा आकडा अर्धा शिल्लक होता.

बाकीच्या खऱ्या एलटीओ-५ होत्या, पण कोरी त्यातली एकही नव्हती. प्रत्येकीवर ड्राइव्हमध्ये शेकड्याने घातल्याची नोंद. कितीतरी टेपवर शेवटच्या ड्राइव्हचा सिरियल नंबर एकच, म्हणजे एखाद्या मोठ्या ऑफिसचा टेपचा सगळा साठा एकगठ्ठा भंगारात गेलेला. असा माल बाजारात का येतो तेही समजून घ्या. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागच्या टेप वाचायचे. एलटीओ-८ फक्त एक पिढी मागची, म्हणजे एलटीओ-७ च वाचतो. त्यामुळे कंपन्या नव्या ड्राइव्हवर गेल्या की जुन्या टेपचे ढीगच्या ढीग निकामी होतात आणि ते कुठंतरी उतरतात.

एका टेपवर तर आधीचा डेटा जसाच्या तसा होता. फायलींची यादी उघडली आणि मी लगेच बंद केली. कुठल्या तरी दवाखान्याच्या पेशंटची नावं आणि तपासण्यांच्या तारखा होत्या. त्या माणसांना कल्पनाही नसेल की आपल्या आजाराचा कागद लातुरातल्या एका स्टुडिओत येऊन पडला आहे. हे वाचणाऱ्यांत कुणी दवाखाना, पतसंस्था किंवा शाळेचं कॉम्प्युटरचं काम बघत असेल, तर हात जोडून सांगतो, जुन्या टेप भंगारवाल्याला देऊ नका. टेपवर कारखान्यातच आखलेल्या सर्व्हो खुणा असतात, ड्राइव्ह त्यांच्या आधाराने चालतो. डीगॉसर नावाच्या जबरदस्त चुंबकाखाली टेप धरली की डेटाबरोबर या खुणाही जातात आणि टेप कायमची निकामी होते, त्या खुणा परत आखता येत नाहीत. उलट बाजूने बघा: बाजारात जी जुनी टेप चालते आहे, ती डीगॉस झालेली नाही एवढं नक्की. फार तर सुरुवातीला पुसल्यासारखं केलेलं असतं, पुढे जुना डेटा तसाच असू शकतो.

आता ड्राइव्ह. खरं नुकसान त्यानेच केलं. टेप दीड टीबीच्या बऱ्याच आधी भरायला लागल्या. कुठली अकराशे जीबीवर, कुठली त्याच्याही खाली. एलटीओ ड्राइव्ह लिहिता लिहिता तेच लगेच वाचून तपासतो, आणि जे नीट उमटलं नाही ते पुढे परत लिहितो. ड्राइव्हमधलं लिहिणारं-वाचणारं हेड झिजलं असेल किंवा टेप खराब असेल तर हे परत लिहिणं वाढतं, जागा त्यातच जाते आणि वेगही पडतो. बाहेरून सगळं सुरळीत दिसतं, कॉपी पूर्ण झाल्याचा निरोपही येतो. मावसभावाने ड्राइव्हची स्वतःची नोंद काढून दाखवली, कारण ड्राइव्हही आपले चालू राहिल्याचे तास आणि फिरवलेली टेप मोजत असतो. ‘जेमतेम वापरलेला’ ड्राइव्ह ४१ हजारांहून जास्त तास चालून आला होता. चोवीस तास चालू धरला तरी साडेचार वर्षांच्या वर.

याच गोंधळात मे महिन्यात ओव्यांची डिस्क गेली. कॉपी टेपवर होती, पण ती मधल्या एका जागी अडकायची, पुढे सरकायचीच नाही. शेवटी पुण्यात चांगल्या ड्राइव्हवर ती वाचून घेतली, तिथं बरंचसं निघालं. निलंग्याकडच्या एका आजीच्या ओव्यांचा शेवटचा भाग मात्र निघाला नाही. त्या आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या नातवाला हे सांगताना मला फार जड गेलं, कारण त्यांच्या घरी आजीचा आवाज दुसरीकडे कुठंच नाही. व्यापाऱ्याच्या लेखी तो वीस टेपचा एक सौदा होता.

त्याची उत्तरं बदलत गेली ती अशी. आधी सॉफ्टवेअर. मग ‘बाजारात सगळे असाच माल देतात, नवीन कुठून आणायचा.’ मग ‘बदलून देतो, पण आधी सगळा माल परत पाठवा, भाडं तुमचं.’ इथं फार जपा. माल परत गेला की आपल्याकडे पुरावा म्हणून काहीच राहत नाही. मी चिपच्या सगळ्या याद्या छापून घेतल्या, लेबलं सोडवतानाचा व्हिडिओ काढला, टेप आहेत तशा बांधून ठेवल्या आणि लेखी कळवलं की इथं माणूस पाठवून घेऊन जा. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

बिलाचं सांगतो. त्याने दिलेल्या कागदावर फक्त ‘कॉम्प्युटर ॲक्सेसरीज’ लिहिलेलं, ना पिढी, ना सिरियल नंबर, ना नवा-जुना उल्लेख. सुदैवाने ‘सीलबंद, कोऱ्या, एलटीओ-५’ हे शब्द त्याने व्हॉट्सॲपवर लिहून पाठवले होते, आणि आता सगळी मदार त्यावरच आहे. तुम्ही घ्याल तेव्हा पक्कं जीएसटी बिल मागा आणि त्यावर प्रत्येक टेपचा आणि ड्राइव्हचा सिरियल नंबर लिहून घ्या. टेपच्या चिपची यादी आणि ड्राइव्हच्या तासांची नोंद पैसे देण्याआधी मागवा. खरा व्यापारी ती बसल्या जागी काढून देतो. ‘आमच्याकडे ते सॉफ्टवेअर नाही’ असं उत्तर आलं की व्यवहार तिथंच सोडा. शक्य असेल तर अर्धे पैसे एक टेप काठोकाठ भरून, दुसऱ्या ड्राइव्हवर परत वाचून झाल्यावरच द्या. आणि तोवर मूळ डिस्क पुसू नका. आमच्या मूळ डिस्क तशाच होत्या म्हणूनच किल्लारीचं चित्रण शाबूत आहे.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० वर जितक्या लवकर कळवाल तितकं बरं. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. ‘तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही’ असं समोरून ऐकवलं जातं, मलाही वकिलामार्फत तेच कळवलं आहे. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणात मोडत नाही, आणि दोन माणसांचा स्टुडिओ हे पोटाचंच साधन आहे. ठरवून फसवलं असेल तर पोलिसांकडे पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे.

माझी तक्रार लातूरच्या आयोगात दाखल आहे, निकाल अजून नाही. पेशंटच्या फायली असलेली टेप वेगळी सील करून ठेवली आहे. मराठवाड्यात कुणी या टेप घेतल्या असतील आणि चिप वाचायला ड्राइव्ह नसेल, तर टेप घेऊन स्टुडिओत या. पुण्याहून आता एक चांगला ड्राइव्ह आणला आहे, यादी काढून देतो, पैसे घेणार नाही.