१६ कोअरचं मशीन, काम मात्र एकाच कोअरवर : थ्रीडी कॅडचा आठ महिन्यांचा अनुभव

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या कन्व्हेयर आणि फॅब्रिकेशनच्या कामाला हे थ्रीडी कॅड, म्हणजे मशीनचे भाग संगणकावर थ्रीडीत बनवायचं सॉफ्टवेअर, रोज चालू आहे. मशीन: १६ कोअर-३२ थ्रेडचा प्रोसेसर (कोअर म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा भाग, थ्रेड म्हणजे त्यावर चालणारी कामाची एक रांग), ६४ जीबी रॅम, १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, एनव्हीएमई एसएसडी. शीट मेटलबद्दल काही तक्रार नाही. बेंड टेबल (पत्रा वाकवतानाच्या मापांचा तक्ता) एकदा नीट भरलं की फ्लॅट पॅटर्न, म्हणजे न वाकवलेल्या पत्र्याचा आकार, थेट लेझर कटिंगला जातो. तक्रार आहे ती मशीन वापरून घेण्याबद्दल.

दोन हजारांवर पार्ट असलेली असेंब्ली (पार्ट जोडून बनलेलं पूर्ण मशीन) रीबिल्डला, म्हणजे बदलानंतर पुन्हा मोजून बनवायला, टाका आणि टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू ३ ते ५ टक्के. ३२ पैकी एक थ्रेड पूर्ण भरला की एकूण आकडा ३.१ टक्केच दिसतो. म्हणजे एक कोअर जीव तोडून राबतोय, बाकीचे बघत बसलेत. आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगळे पाहिले तरी एखादा सतत शंभरावर दिसेलच असं नाही, कारण विंडोज तो थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर फिरवत राहतं. सपोर्टला असा स्क्रीनशॉट पाठवला की 'प्रोसेसरवर लोडच नाही' हे उत्तर ठरलेलं. मग इतका वेळ हे सॉफ्टवेअर करत काय राहिलं आहे?

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचा बचाव असा, की पार्टमधले फीचर एकामागून एक बनतात. आधी एक्स्ट्रूड (रेखाटनाला जाडी देणं), त्यावर होल, त्या होलवर पॅटर्न. आधीचं झाल्याशिवाय पुढचं होत नाही. एका पार्टपुरतं हे शंभर टक्के खरं आहे. संगणक तज्ज्ञ जीन अ‍ॅम्डालने १९६७ मध्ये मांडलेलं गणित लावा: ८० टक्के काम रांगेतच करावं लागत असेल, तर १६ कोअर लावूनही वेग सव्वापटीच्या पुढे जात नाही. पण असेंब्लीतल्या ज्या पार्टचा एकमेकांशी संबंध नाही, ते वेगवेगळ्या कोअरवर का रीबिल्ड होत नाहीत? ड्रॉइंगच्या एका शीटवरच्या सहा व्ह्यूंच्या लपलेल्या रेषा सहा कोअरवर काढायला कोणी अडवलंय? याच सॉफ्टवेअरचं रेंडरिंग (मॉडेलचं फोटोसारखं चित्र काढणं) सुरू केलं की सगळे कोअर शंभरावर जातात. म्हणजे जमत नाही असं नाही. रोजच्या कामाच्या जुन्या कोडला हात लावायचा नाही, आणि वर्षाचं सबस्क्रिप्शन भरलं की नवे आयकॉन द्यायचे.

ग्राफिक्स कार्डचंही तेच. मॉडेल फिरवताना ते बहुतेक वेळ निवांत असतं, कारण काय काढायचं हे सांगणाराही तोच एक थ्रेड आहे. इथे महागडं कार्ड घालून फरक पडत नाही. कडा बंद करून नुसतं शेडेड ठेवलं, पारदर्शक कव्हर लपवले आणि इमेज क्वालिटीचा स्लायडर खाली आणला तर लगेच पडतो. लॅपटॉपवर आधी हे बघा की सॉफ्टवेअर ऑनबोर्ड ग्राफिक्सवर तर चालत नाही ना. विंडोज सेटिंगमध्ये डिस्प्ले, मग ग्राफिक्स, तिथे प्रोग्रॅम जोडून हाय परफॉर्मन्स निवडायचं.

सगळ्यात चीड आणणारा प्रकार वेगळाच आहे. ६४ पैकी ४० जीबी रॅम मोकळी असताना मेनू काळे पडतात, आयकॉन गायब होतात आणि सॉफ्टवेअर बंद पडतं. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये जीडीआय ऑब्जेक्ट्स (स्क्रीनवर आयकॉन, मेनू वगैरे काढायला विंडोज वापरतं ते घटक) हा कॉलम लावून ठेवा. विंडोजमध्ये एका प्रोग्रॅमला याची मूळ मर्यादा १०,००० आहे. खूप ड्रॉइंग उघडी ठेवली की आकडा चढतो आणि बंद केली तरी पूर्ण उतरत नाही. ९,००० दिसले की सेव्ह करून सॉफ्टवेअर बंद करून परत सुरू करायचं, वाट बघायची नाही. रजिस्ट्रीतून मर्यादा वाढवता येते, पण गळती तशीच राहते.

वेळ खरा वाचतो तो मॉडेल हलकं केल्याने. बोल्टवर खरे आटे कापू नका, कॉस्मेटिक थ्रेड, म्हणजे आट्यांची नुसती खूण, पुरते. गिअर मोटरची स्टेप फाइल (कोणत्याही कॅडमध्ये उघडणारी थ्रीडी फाइल) बेअरिंग-सीलसकट येते; बाहेरचा आकार, शाफ्ट आणि माउंटिंगचे होल ठेवून ती एकच पार्ट म्हणून सेव्ह करा. असेंब्लीत बसून दुसऱ्या पार्टच्या कडेवरून स्केच काढायची सवय सोडा, त्या संदर्भांमुळे एकच पार्ट पुन्हा पुन्हा रीबिल्ड होतो. फाइली सर्व्हरवरून थेट उघडण्याऐवजी लोकल एसएसडीवर घ्या. अँटिव्हायरसमधून फक्त तो कामाचा फोल्डर वगळा, नाहीतर प्रत्येक पार्ट उघडताना आधी तपासला जातो.

नागपूरच्या मे महिन्यात आणखी एक भर. बाहेर ४५ अंश असताना सगळा भार घेणाऱ्या त्या एका कोअरचा बूस्ट (थोडा वेळ वाढवलेला वेग) टिकला नाही, तर रीबिल्ड आणखी लांबतो. लॅपटॉपवर हे जास्त जाणवतं. कूलरची हवा थेट कॅबिनेटवर घेऊ नका. ओलसर हवेत धूळ हीटसिंकच्या पात्यांत चिकटून थर बनतो, आणि तो नुसत्या ब्लोअरने निघत नाही. कूलर सुरू करण्याआधी, मार्चमध्येच, कॅबिनेट उघडून साफ करा आणि थर्मल पेस्ट बदला.

बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, कोटेशन घ्यायला गेलात की दुकानदार जास्त कोअरचा प्रोसेसर पुढे करेल. रेंडरिंग किंवा सिम्युलेशन रोजचं नसेल तर ६ ते ८ कोअरचा, पण सिंगल कोअर बूस्ट जास्त असलेला घ्या. वाचलेले पैसे चांगला कूलिंग फॅन, दुसरी एसएसडी आणि यूपीएसकडे वळवा.