डाव्या-उजव्या ताकदीतला फरक आणि सुट्या प्लेटचे डंबेल: काही महिने वापरल्यावर

बारबेलवर (दोन्ही हातांनी धरायचा लांब रॉड) बेंच प्रेस मारताना, म्हणजे बाकावर उताणं झोपून वजन छातीवरून वर ढकलताना, शेवटच्या रेप्सना (रेप म्हणजे एकदा उचलून खाली आणणं) रॉड डावीकडे कलतोय हे व्हिडिओत दिसलं, म्हणून हे डंबेल घेतले. रॉड एकच असला की उजवा हात डाव्याचं काम परस्पर उरकून टाकतो. डंबेलमध्ये ती पळवाट नाही. उजव्याने १० रेप्स आरामात निघायच्या तिथे डावा ७ वर अडायचा, तोही कोपर बाहेर फेकत.

पद्धत साधी ठेवली. सेट (सलग रेप्सची एक फेरी) कमजोर हाताने सुरू करायचा आणि त्याने जितक्या रेप्स काढल्या तितक्याच दुसऱ्याने, एकही जास्त नाही. खरी कसोटी इथेच लागते, कारण उजव्यात दम शिल्लक असताना डंबेल खाली ठेवणं जिवावर येतं. डाव्याला जादा सेट द्या, असं बरेच जण सांगतात. मला रो (वाकून वजन पोटाकडे ओढणं) मारताना त्याचा थोडा उपयोग झाला; प्रेसमध्ये मात्र खांदा कुरकुरायला लागल्यावर ते बंद केलं. उजव्याला रोखून धरण्यानेच जास्त फरक पडला, असं माझं मत.

सुरुवातीला रेप्स भराभर वाढतात, पण टेप लावली तर दंड तेवढाच. ही वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते. मेंदू जास्त स्नायुतंतू कामाला लावायला शिकतो. (एका हाताच्या सरावाने दुसऱ्या हाताचीही ताकद थोडी वाढते, हे येल विद्यापीठात १८९४ मध्येच नोंदवलं गेलंय. एक हात प्लास्टरमध्ये असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

आता डंबेलबद्दल. स्क्रूचा नट सेटच्या मध्येच सैल होतो. आतली रबरी रिंग झिजली की हमखास. सगळ्यात छोटी प्लेट १.२५ किलोची, ती दोन्ही टोकांना लावली की एका हाताला थेट २.५ किलोची उडी. रोला चालून जातं, लॅटरल रेजला (हात बाजूला खांद्यापर्यंत उचलणं) अजिबात नाही. अर्ध्या किलोच्या प्लेट वेगळ्या घ्याच.

बेंचवर रॉड आता सरळ जातो. पायांचं काम बाकी आहे: बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉटमध्ये (मागचा पाय बाकावर ठेवून एका पायावर बैठक) डावी मांडी थकण्याआधी घोटाच डगमगतो, आणि त्यावर वजन वाढवून काही होत नाही. पकडीतला फरकही आहे तसाच आहे, पण त्याच्या मागे मी लागलेलो नाही; अगदी शंभर टक्के बरोबरी हवीच असं नाही. गुडघ्याच्या लिगामेंटच्या ऑपरेशननंतर खेळाडूला मैदानात सोडतानासुद्धा साधारण ९० टक्के बरोबरी चालवून घेतात. मात्र हात अचानक कमजोर झाला असेल किंवा मुंग्या येत असतील, तर डंबेलच्या आधी डॉक्टर गाठा.