अँबेसेडरचं ऑइल प्रेशर आणि 1,150 रुपयांचा काटा: आठ महिन्यांनंतर

डिसेंबरातला रविवार, संध्याकाळची वेळ. इगतपुरीहून नाशिकला परत येत होतो. वाडीवऱ्हे सोडलं तेव्हा ऑइल प्रेशरचा काटा 48 पीएसआयवर (दर चौरस इंचाला पौंड) होता. विल्होळी यायच्या आत पाहतो तर 12. वेग साठच्या आसपास, इंजिनाचा आवाज नेहमीसारखा, टेंपरेचर जागेवर. आणि डॅशवरचा ऑइलचा लाल दिवा विझलेला.

हा शेवटचा मुद्दा नीट ध्यानात घ्या, कारण हे सगळं लिहायला बसलोय ते त्याच्याचसाठी. दिव्याचा स्विच साधारण 5 ते 7 पीएसआयच्या खाली गेल्यावरच दिवा लावतो. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, 12 चालून जाईल, पण साठच्या वेगाला 12 म्हणजे क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर तेलाचा थर पुरेसा नाही, आणि दिवा मात्र सगळं ठीक असल्यासारखा गप्प. गाडी कडेला घेऊन क्लच दाबला, इंजिन आयडलला आलं, तेव्हा कुठे तो मिणमिणला. लगेच चावी बंद केली. बायको म्हणाली, "अहो, घर एवढं जवळ आलंय, हळूहळू जाऊ या ना." मी नाही म्हणालो. टोइंगचे 2,200 रुपये गेले, त्यांचं मला आजही वाईट वाटत नाही.

हा मेकॅनिकल गेज मी मे महिन्यात बसवला. 52 मिमीचा डायल, 0 ते 100 पीएसआय, साधा देशी माल, 1,150 रुपये. गाडी 1984 ची, 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन. हे इंजिन ज्यांच्याकडे आहे त्यांना त्याची जात सांगायला नको. माझ्याकडे गाडी आली तेव्हा तेलासाठी नुसता दिवाच होता.

पहिले दोन महिने मी या गेजवर वैतागलो होतो. त्याच्यासोबत आलेली नायलॉनची नळी हा त्याचा सगळ्यात वाईट भाग. बोरूएवढी बारीक नळी, आत इंजिनाचं गरम तेल, पूर्ण प्रेशरखाली, आणि ती फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, थेट तुमच्या गुडघ्यापाशी येते. ती सुटली तर तेल अंगावर येतं आणि इंजिन रिकामं होतं. कंपनीने डायलवर क्रोमची कडा चढवायला पैसे घातले आणि नळीवर वाचवले, हे मला पटत नाही. मी ती पहिल्याच आठवड्यात काढून तांब्याची टाकली. पाइप, फेरुल, रबरी ग्रोमेट धरून 260 रुपये.

तरी गळती थांबेना. दिवा आणि काटा दोन्ही चालावेत म्हणून मध्ये टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकला होता. तो भद्रकालीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणला, तो बीएसपीचा, म्हणजे ब्रिटिश मापाच्या आट्यांचा. गेजसोबतचा अडॅप्टर एनपीटीचा, म्हणजे अमेरिकी मापाचा. दोन्ही 1/8 इंचच, पण बीएसपीला इंचाला 28 आटे आणि एनपीटीला 27. आट्यांचा कोनही वेगळा, 55 अंश आणि 60 अंश. दोन वेढे छान बसतो, मग अडतो, आणि आपल्याला वाटतं घट्ट झाला. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा, ठिबकणारच. शेवटी लेथवाल्याकडून पितळेचा अडॅप्टर करून घेतला, तेव्हा जमिनीवर पुठ्ठा टाकायचं बंद झालं.

त्यानंतर हळूहळू काटा वाचता यायला लागला. थंडीत सकाळी गाडी सुरू केली की 60 च्या वर, कारण तेल घट्ट असतं. गरम झाल्यावर रस्त्यावर 45 ते 50, सिग्नलला 15 ते 20. जुने फिटर सांगतात तो ढोबळ हिशोब, दर हजार आरपीएमला 10 पीएसआय, माझ्या गाडीला लागू पडतो. हे रोजचे आकडे माहीत होते म्हणूनच 12 दिसल्यावर मला विचार करावा लागला नाही.

आता टोइंगने गाडी जिथे नेली त्या गॅरेजचं. नाव देत नाही. चार दिवस आधी याच गॅरेजने ऑइल बदलताना मला न विचारता फ्लशिंग ऑइल घालून इंजिन धुतलं होतं. सोमवारी तिथल्या मालकाने बॉनेट उघडलं, तेलाची पातळी बघायची काडीही न काढता म्हणाला, "साहेब, चाळीस वर्षांचं इंजिन आहे. मेन आणि बिगएंड, दोन्ही बेअरिंग गेली. उतरवावंच लागेल." हातात 58,000 चं इस्टिमेट. वर सल्ला असा की हा लोकल काटा काढून टाका, उगाच घाबरवतो. मी विचारलं, तुमच्याकडचा गेज लावून पाहिलात का? त्यावर उत्तर नाही. गाडी परत नेतो म्हटल्यावर "तपासणी" म्हणून 1,500 मागितले. दीड तास वाद घातला. शेवटी 500 देऊन सुटलो, आणि ते 500 मला त्या 2,200 पेक्षा जास्त टोचले.

माझं म्हणणं सरळ होतं. बेअरिंग झिजतात तेव्हा प्रेशर महिनोन्‌महिने घसरतं. आधी गरम आयडलचा आकडा उतरतो, मग रस्त्यावरचा, आणि जोर दिल्यावर खालून ठोका ऐकू येतो. माझ्या आकड्यांत मेपासून काही फरक नव्हता, ठोका नव्हता. एका टप्प्यात 36 पीएसआय नाहीसे झाले म्हणजे काहीतरी अडकलं, सुटलं किंवा गळलं.

सातपूरला ट्रॅक्टर आणि डिझेल पंपाची कामं करणारे एक काका आहेत. त्यांच्या शेडपर्यंत गाडी ढकलत आणि ओढत नेली, सुरू केली नाही. ते म्हणाले, "आधी काडी बघू, मग काटा खरा का खोटा ते बघू, मग नट खोलू. चेंबर सगळ्यात शेवटी." चेंबर म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं.

काडीवर तेल पूर्ण खुणेपर्यंत. बोटावर घेऊन वास घेतला. पेट्रोलचा वास नाही. पेट्रोल पंपाचा डायफ्राम फाटला तर पेट्रोल चेंबरमध्ये उतरतं, तेल पातळ होतं, पातळी उलट वाढते आणि प्रेशर पडतं. ती शंका गेली. मग माझी पाइप सोडून त्यांनी स्वतःचा टेस्टिंग गेज थेट ब्लॉकवर लावला आणि इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवलं. आयडलला 5. मग माझी पाइप परत जोडून पाहिलं, माझा काटाही 5 च दाखवत होता. 1,150 रुपयांच्या वस्तूने त्या दिवशी माझ्या लेखी आपली किंमत वसूल केली.

राहिला रिलीफ व्हॉल्व्ह. या इंजिनात तो ब्लॉकच्या डाव्या अंगाला मागे, घुमटी डोक्याच्या मोठ्या नटाखाली असतो. मॅनिफोल्ड त्याच बाजूला, म्हणून इंजिन थंड होईपर्यंत थांबा, हात भाजतो. आत एक प्लंजर (दट्ट्या) आणि त्यामागे स्प्रिंग, एवढंच. प्रेशर ठरलेल्या मर्यादेपेक्षा वाढलं की प्लंजर मागे सरकतो आणि जास्तीचं तेल चेंबरमध्ये परत जातं. पण तो उघडाच अडकला तर पंपाने ढकललेलं तेल बेअरिंगपर्यंत जोरात न जाता तिथूनच परतीला लागतं.

काकांनी नट काढला, स्प्रिंग बाहेर आली, प्लंजर येईना. चुंबकाने ओढून काढला तेव्हा त्याच्या कडेवर कार्बनचा तिळाएवढा टणक काळा कण दिसला, आणि बाजूला उभा ओरखडा. माझी खात्री आहे की हा फ्लशिंगचा परिणाम. चाळीस वर्षं भिंतीला चिकटून बसलेली काजळी सोलवटली, आणि चेंबरमधली जाळी इतकी बारीक नसते की असा कण पंपापर्यंत जाऊ नये. जुन्या इंजिनात, आधी काय साचलंय ते न बघता, फ्लशिंग करू देऊ नका. साधं 20डब्ल्यू-50 ऑइल घाला, पहिल्यांदा लवकर बदला, हळूहळू साफ होतं.

नवा प्लंजर आणि स्प्रिंग द्वारका चौकाजवळच्या जुन्या स्पेअरच्या दुकानात मिळाले, 380 रुपये. काकांनी प्लंजर जिथे टेकतो त्या सीटवर हलक्या हाताने ग्राइंडिंग पेस्ट फिरवून प्लंजर बसवला आणि सगळी पेस्ट पेट्रोलने धुऊन काढली. शेजारच्या एकाने स्प्रिंगखाली वायसर टाकायचा सल्ला दिला, प्रेशर अजून वाढेल म्हणून. तो मी घेतला नाही. मूळचा वायसर असेल तर तो राहू द्या, पण आकडा चांगला दिसावा म्हणून नवा घालू नका; त्याने फक्त व्हॉल्व्ह उघडायची मर्यादा वाढते, झिजलेल्या बेअरिंगचं प्रेशर परत येत नाही. तेल आणि फिल्टर पुन्हा बदलले. मजुरीसकट सगळं 3,100 मध्ये झालं. सुरू केल्यावर काटा 58 वर, गरम झाल्यावर 48.

वर तांब्याच्या पाइपची एवढी बाजू घेतली, पण त्यात आता दुरुस्ती करावी लागते आहे. गेल्या आठवड्यात टीजवळ पाइपवर ओली रेघ दिसली. इंजिन हलतं, फायरवॉल हलत नाही, आणि तांबं सतत वाकून कडक होतं आणि तडकतं. मी पाइप सरळ ताणून नेली होती, ती चूक माझी. आता नवी पाइप घेतली आहे. इंजिन आणि फायरवॉलच्या मध्ये तिला मनगटाएवढे दोन वेढे दिले आहेत, क्लिपने बांधली आहे, ग्रोमेट बदललं आहे. नायलॉन तरीही घेणार नाही. घ्यायचीच तर कापडी वेणीची रबरी होज घ्या; ती महाग पडते, पण इंजिनाच्या हलण्याने अशी तडकत नाही. पुढच्या उन्हाळ्यात मीही तीच टाकणार आहे.

डायलमधला बल्ब फिका आहे, रात्री कसारा घाटात काटा नीट दिसत नाही. काच दोन पावसाळी सकाळी आतून धुरकट झाली होती, आपोआप सुटली. काल त्र्यंबकला जाऊन आलो, गरम आयडल 18.