जुन्या मिनीचा स्टिअरिंग रॅक सैल झालाय: नट आवळायचे, रॅक दुरुस्त करायचा की बदलायचा?

ब्रिटिश मिनी १९५९ ते २००० अशी चार दशकं बनत राहिली आणि स्टिअरिंगमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, हे तिचं जुनं दुखणं. सरळ रस्त्यावर गाडी भटकते, स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी चाकं लगेच ऐकत नाहीत, खड्ड्यातून जाताना पायापाशी ठक्क आवाज येतो. असं झालं की नवा रॅक, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की चाकांना डावी-उजवीकडे ढकलणारी दातेरी सळई आणि तिची नळी, मागवून मोकळं व्हावंसं वाटतं. पण प्ले नेमका कुठे आहे हे कळेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका. मिनीत याच तक्रारीवरचं सगळ्यात छोटं काम सीटवर बसून होतं, आणि सगळ्यात मोठं काम अख्खा शनिवार-रविवार खातं.

एवढी तफावत पडते ती गाडीच्या रचनेमुळे. ॲलेक इसिगोनिसने इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्याच पोटात घातला आणि सगळी गाडी जेमतेम दहा फुटांत बसवली. रॅकला जागा उरली ती सबफ्रेम (इंजिन आणि पुढची चाकं धरणारा खालचा सांगाडा) आणि तुम्ही पाय ठेवता तो पत्रा यांच्या सांदीत. तिथे तो दोन यू-बोल्टनी पत्र्याला आवळलेला असतो. बोल्टचे चार नट गाडीच्या आत, कार्पेटखाली येतात. म्हणजे आवळायला सोपं, पण काढायचं म्हटलं तर सबफ्रेम खाली घ्यावीच लागते.

आधी तपासणी, आणि त्यासाठी दोन माणसं हवीत. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्याने चाकाच्या कमानीतून हात घालून रॅकच्या नळीवर बोटं ठेवायची. नळीच सरकत असेल तर यू-बोल्ट ढिले आहेत. नळी गप्प आणि रबरी बूट (रॅकच्या टोकावरचं आवरण) दाबल्यावर आत खटखट जाणवत असेल, तर आतला बॉल जॉइंट झिजलाय. खटका चाकाजवळ असेल तर टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणारा बाहेरचा सांधा) गेलाय. तो बाहेरूनच बदलता येतो, रॅकला हात लावायची गरज नाही. स्टिअरिंगचा दांडा फिरतोय पण पिनियन (रॅकच्या दातांत बसणारं छोटं दातेरी चाक) जागचं हलत नसेल, तर खालच्या क्लॅम्पचा बोल्ट बघा. आणि प्ले फक्त चाकं सरळ असताना येतोय, थोडं वळवलं की नाहीसा होतोय, तर रॅकचे दात मधोमध झिजलेत.

यू-बोल्ट ढिले निघाले तर तुम्ही सुटलात. कार्पेट उचला, नट साफ करा, गंजावर तेल सोडून थोडं थांबा आणि मग आवळा. माप इंचातलं आहे, मेट्रिक गोटी (सॉकेट) लावून कोपरे झिजवू नका. टॉर्क सर्व्हिस पुस्तकात दिलाय तेवढाच द्यायचा. तो हाताच्या अंदाजापेक्षा बराच कमी असतो, आणि जोर केला की आटे जातात. आटे गेले की अर्ध्या तासाचं काम थेट सबफ्रेमपर्यंत पोचतं. नटांच्या भोवतीचा पत्रा गंजून पापुद्रे सुटत असतील तर नुसतं आवळून काही साधत नाही. तिथे आधी वेल्डिंग, मग बाकीचं.

रॅक गाडीत ठेवूनच प्ले कमी करण्याचा मार्गही सुचवला जातो: पिनियनसमोर रॅकला दाबून धरणाऱ्या डॅम्परखालच्या शिम (पातळ चकत्या) कमी करून दाब वाढवायचा. रॅक चांगला असेल आणि शिमच चुकीच्या असतील, तर हा उपाय योग्य आहे. पण मधले दात झिजलेल्या रॅकवर हा प्रयोग मला अजिबात मान्य नाही. मध्यावरचा प्ले जाईल एवढा दाब दिला की कडेच्या न झिजलेल्या दातांवर रॅक अडकायला लागतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. थोडा प्ले असलेली गाडी सांभाळून गॅरेजपर्यंत नेता येते, अडकणारं स्टिअरिंग मात्र ऐन वळणात धोका देतं.

दात किंवा आतले जॉइंट गेले असतील तर रॅक बाहेर काढणं आलंच. सबफ्रेमचे वरचे, पुढचे आणि मागचे बोल्ट, शॉकॲब्सॉर्बर, सायलेन्सरचा क्लॅम्प हे सगळं सोडवून सबफ्रेमची मागची बाजू काही इंच खाली घ्यायची. इंजिनचं वजन तिच्यावरच असतं, त्यामुळे मजबूत स्टँड आणि जोडीला माणूस नसेल तर हे काम गॅरेजला द्या.

रॅक हातात आल्यावर मूळ रॅक दुरुस्त करायचा की नवा बसवायचा? पिनियन आणि दात शाबूत असतील, फक्त जॉइंट आणि बूट गेले असतील, तर मी मूळ रॅकच ठेवीन. त्याची धातू आणि फिटिंग ओळखीची असते. दात गेले असतील तर नवा किंवा खात्रीच्या ठिकाणी रीकंडिशन केलेला घ्या, झिजलेल्या दातांवर पैसे घालू नका. एवढी मेहनत करून सबफ्रेम खाली घेतलीच आहे तर यू-बोल्टही नवेच टाका, ते फार महाग नसतात. बसवताना ते आधी हातानेच लावायचे, स्टिअरिंगचा दांडा पिनियनवर बसवून रॅक रेषेत आला की मगच पुरते आवळायचे. उलट क्रमाने केलं तर दांड्यावर कायमचा ताण राहतो.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीतून (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का हे बघणारी) सूट आहे. ढिला रॅक दरवर्षी दुसऱ्या कोणाच्या नजरेला पडत होता, तो आता पडेलच असं नाही. म्हणून वर सांगितलेली दोन माणसांची तपासणी वर्षातून एकदा तरी स्वतः करा.

टाय रॉड एंड किंवा रॅक बदलला असेल तर अलाइनमेंट करून घ्यायला विसरू नका. मिनीच्या पुढच्या चाकांना साधारण १.६ मिमी टो-आउट लागतो, म्हणजे चाकांची पुढची बाजू किंचित बाहेर वळलेली. टो-इन (याच्या उलट, आत वळलेली) करायची सवय असलेल्या मेकॅनिकला हे काम सुरू होण्याआधीच सांगा.