सेफ्टी ऑफिसर ठेवायचा की कन्सल्टंटवर भागवायचं? जळगावकडच्या मध्यम फॅक्टरीवाल्यांसाठी

एमआयडीसीत शंभर-सव्वाशे माणसांची प्लास्टिकच्या चटईची नाहीतर पाईपची फॅक्टरी असली की माल घेणाऱ्या मोठ्या पार्टीचं ऑडिट लागतं आणि हा प्रश्न समोर येतोच. पगारी माणूस ठेवायचा, की बाहेरचा कन्सल्टंट महिन्यातून एकदा बोलवायचा?

कायद्याचं आधी उरकून टाकतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याची नवीन संहिता (ओएसएच कोड) लागू झाली, तिच्यात 500 कामगार असले, किंवा धोकादायक प्रक्रिया असून 250 असले, तर सेफ्टी ऑफिसर लागतोच (1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टात हाच आकडा 1000 होता). म्हणजे तुमच्यावर सक्ती नाही. पण मशीनचे गार्ड, फर्स्ट एड, अपघात कळवणं यातून कोणी सुटत नाही आणि ती जबाबदारी मालकाचीच, कन्सल्टंटच्या सहीने ती त्याच्या डोक्यावर जात नाही, हे बऱ्याच शेठ लोकांना पटत नाही.

कन्सल्टंट स्वस्त पडतो. फाईल चकाचक, सरकारी ऑफिसला काय कुठल्या फॉरमॅटमध्ये द्यायचं ते त्याला पाठ, आवाज मोजायचं मीटर त्याचं स्वतःचं. अडचण एकच, तो सांगून येतो आणि दिवसा येतो, त्यामुळे त्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट.

खरा खेळ रात्रपाळीत असतो. स्क्रॅप दळायचा ग्राइंडर घ्या. हॉपर, म्हणजे माल टाकायचं तोंड, जाम होतो, झाकणाचा स्विच रोज रोज आड येतो म्हणून कोणीतरी तार बांधून तो कायमचा दाबून ठेवलेला असतो, पोरगा पॅनलवर मशीन बंद करून हात घालतो आणि तिकडे दुसरा, ज्याला काही माहीत नाही, बटण दाबतो. पॅनलला कुलूप आणि चावी हात घालणाऱ्याच्या खिशात, एवढंच करायचं असतं. ती तार फक्त रोज फिरणाऱ्या माणसालाच दिसते.

म्हणून पगारी माणूसच भारी? तसंही नाही. आपल्याकडे त्याला प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखाली बसवतात, मग हजेरी, गेटपास, कॅन्टीन सगळं त्याच्याच गळ्यात, आणि मशीन थांबवा म्हणायची त्याची छाती होत नाही. इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा झालेली चांगली पोरं थोडा अनुभव आला की पुणे-नाशिक धरतात ते वेगळंच. शिवाय होइस्ट (माल उचलायचं यंत्र) आणि कॉम्प्रेसरची टाकी तपासायला मान्यताप्राप्त माणूस बाहेरूनच आणावा लागतो, म्हणजे तो खर्च दोन्हीकडे आहेच.

आता ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास, वर पत्रा, आत एक्स्ट्रूडरचा (प्लास्टिक वितळवून ढकलणाऱ्या मशीनचा) बॅरल 200 डिग्रीच्या पुढे. बाहेरचा कन्सल्टंट "भरपूर पाणी प्या" असा बोर्ड लावून जातो. इथलाच माणूस असेल तर जड काम सकाळी सहाच्या पाळीत ओढतो, छतावर टर्बो व्हेंटिलेटर बसवून घेतो, ताक नाहीतर ओआरएस मशीनपाशी पोचवतो आणि नवीन आलेल्या पोराला पहिला आठवडा पूर्ण पाळी गरम मशीनवर उभा करत नाही, कारण अंगाला उष्णतेची सवय व्हायला तेवढे दिवस लागतातच. पोरगा "भाऊ, चक्कर यी राह्यनी" म्हणाला की तो थट्टा करत नाही, आधी सावलीत नेतो, अंगावर पाणी ओततो. हिंदी-इंग्रजी स्लाइडवरून हे शिकवून होत नाही.

डबल पाळी आणि शेडमध्येच झोपणारी बाहेरगावची पोरं, याकडे दोघंही बघत नाहीत, ते शेठलाच बघावं लागतं. ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, तर महिना 21,000 पर्यंत पगारवाल्यांना लागतेच, मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचा 0.75. कामावर लागलं आणि घरी बसावं लागलं तर मजुरीच्या 90 टक्के मिळतात, पण ठेकेदाराच्या माणसांची नावं चढवलेली असतील तरच.

मला विचाराल तर शंभर-सव्वाशे माणसांत सरळ मधला रस्ता: आपलाच एखादा तापट, पण लोक ज्याचं ऐकतात असा सुपरवायझर ट्रेनिंगला पाठवा, मशीन बंद करायचा अधिकार त्याला लेखी द्या, रिपोर्टिंग थेट मालकाला, आणि कागद-टेस्टिंगसाठी कन्सल्टंट. केमिकल असेल, तिन्ही पाळ्या चालत असतील किंवा माणसं 250 कडे सरकत असतील तर मात्र काटकसर करू नका, पगारीच ठेवा.

आणि कन्सल्टंटचं कोटेशन घेताना एक अट टाकाच: तीन महिन्यांतून एक व्हिजिट रात्री आणि न सांगता. नाही म्हणाला तर चहा पाजून रवाना करा.